फ्लेक्सागॉन आणि जादूचे प्रयोग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लेक्सागॉन म्हणजे नेमके काय?

कागदाची एक लांब पट्टी ठरावीक ठिकाणी दुमडून, टोकाला टोक चिकटवून केलेला चपटा षटकोन किंवा चौकोन. दिसायला त्याला पुढची आणि मागची अशा दोनच बाजू असतात. पण चिमटीत धरून मध्यातून उघडला की पुढची बाजू मागे जाते, मागची आत गडप होते आणि आतापर्यंत न दिसलेली नवीन बाजू समोर येते. या प्रत्येक बाजूला इथे ‘चेहरा’ म्हटले आहे आणि एकदा उघडण्याच्या क्रियेला ‘पलटी’.

यात कुठलीही लबाडी नाही. चोरकप्पा नाही, दोरा नाही, चुंबक नाही. सगळे काम घड्या करतात. जादू करणाऱ्यासाठी ही गोष्ट फार मोलाची आहे, कारण प्रयोग संपल्यावर वस्तू बिनधास्त प्रेक्षकाच्या हातात ठेवता येते.

हे गणिताचे खेळणे आहे. जादूशी त्याचा संबंध कसा आला?

संबंध सुरुवातीपासूनचा आहे. मार्टिन गार्डनर हे नाव गणिताच्या कोड्यांमुळे सगळ्यांना माहीत आहे. पण ते आयुष्यभर हौशी जादूगार होते आणि जादूगारांच्या मासिकांतही लिहीत. न्यूयॉर्कमधले दुसरे हौशी जादूगार रॉयल व्हेल हीथ यांनी त्यांना कापडाचा एक मोठा सहा चेहऱ्यांचा फ्लेक्सागॉन दाखवला. गार्डनर त्याच्या मुळाशी गेले, प्रिन्स्टनला जाऊन माहिती काढली आणि डिसेंबर १९५६ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लेख लिहिला. वाचक अक्षरशः कात्री-डिंक घेऊन बसले. त्या लेखामुळेच जानेवारी १९५७ पासून त्यांचे नियमित सदर सुरू झाले आणि पुढे जवळजवळ पंचवीस वर्षे चालले.

म्हणजे फ्लेक्सागॉन जगभर पोचला तो एका जादूगाराने दुसऱ्या जादूगाराला दाखवल्यामुळे. गणिताच्या पुस्तकांत हा दुवा एका ओळीत उरकतात, पण आपल्यासाठी तोच महत्त्वाचा.

शोध कोणी लावला?

आर्थर स्टोन या इंग्रज विद्यार्थ्याने, १९३९ मध्ये, अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात. अमेरिकन कागद त्याच्या इंग्लंडहून आणलेल्या फाइलपेक्षा रुंद होता, म्हणून तो कडेची पट्टी कापून टाकत असे. त्या पट्ट्या दुमडता दुमडता तीन चेहऱ्यांचा षटकोन हाती लागला. दुसऱ्या दिवशी सहा चेहऱ्यांचा तयार झाला. मग ब्रायंट टकरमन, रिचर्ड फाइनमन आणि जॉन ट्यूकी हे तिघे मित्र सामील झाले आणि ‘प्रिन्स्टन फ्लेक्सागॉन समिती’ जमली. फाइनमन म्हणजे पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे तेच. फ्लेक्सागॉन एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत कसा जातो याचा नकाशा त्यांनी काढला. तो नकाशा प्रयोगात कसा उपयोगी पडतो ते खाली येईलच.

कोणत्या प्रकारापासून सुरुवात करू?

तीन चेहऱ्यांच्या षटकोनापासून. तो हातात मुरला की सहा चेहऱ्यांचा करा. प्रयोग बसवायचा तो सहा-चेहरीवर, कारण त्यात ‘लपलेला’ चेहरा मिळतो. चौकोनी प्रकार वेगळा आहे, त्याच्याबद्दल पुढे लिहिले आहे. नऊ, बारा किंवा त्याहून जास्त चेहऱ्यांचे फ्लेक्सागॉन करता येतात, पण प्रयोगासाठी त्यांच्या वाटेला जाऊ नका. कागद जाड होतो, पलटी अडखळते, आणि प्रेक्षक चौथ्या-पाचव्या चेहऱ्यानंतर मोजणे सोडून देतो.

तीन चेहऱ्यांचा कसा करायचा?

ए-फोर कागदाच्या लांब बाजूने साधारण ४.३ सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापा. त्यात ५ सेंटिमीटर बाजूचे दहा समभुज त्रिकोण बसतात (लांबी २७.५ सेंटिमीटर लागते).

कोनमापक नको. पट्टीला लांबीच्या दिशेने मधोमध हलकी घडी घालून उघडा. आता टोकाचा एक कोपरा उचलून त्या मधल्या रेषेवर असा टेकवा की नवी घडी टोकाच्या दुसऱ्या कोपऱ्यातूनच जाईल. ही घडी बरोबर ६० अंशांची पडते. त्या रेषेवर टोक कापून टाका आणि पुढे त्याच मापाने एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला दुमडत जा. दहा त्रिकोण झाले की उरलेला कागद कापा. मग प्रत्येक घडी दोन्ही दिशांनी नखाने चांगली चेपून घ्या. कंटाळवाणे काम आहे, पण पुढची सगळी सफाई यावर अवलंबून आहे.

आता त्रिकोणांना मनातल्या मनात एक ते दहा आकडे द्या. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधल्या रेषेवर पट्टी मागे दुमडा. सहाव्या आणि सातव्याच्या मधल्या रेषेवर पुन्हा मागेच दुमडा. पट्टी फिरून सुरुवातीला येईल. नववा त्रिकोण पहिल्याच्या वर ठेवा, दहावा कडेवरून मागे वळवून पहिल्याच्या पाठीला चिकटवा. झाला षटकोन. बोटांनी चाचपून पाहा: एकेक त्रिकोण सोडून थर एक, दोन, एक, दोन असे लागले पाहिजेत.

पलटीसाठी शेजारचे दोन त्रिकोण चिमटीत धरून त्यांच्यामधली रेष वर उचला, समोरचा कोपरा दुसऱ्या हाताने मध्याकडे ढकला. तीन पाती उभी राहतील आणि मध्यातून कमळ उमलावे तसा कागद उघडेल. उघडला नाही तर जोर करू नका. एक कोपरा सरकून पुन्हा करा.

आणि सहा चेहऱ्यांचा?

त्याला १९ त्रिकोणांची पट्टी लागते. बाजू ४ सेंटिमीटर घेतली तर लांबी ४० सेंटिमीटर होते, म्हणजे ए-थ्री कागदात बसते. ५ सेंटिमीटरची बाजू हवी असेल तर स्टेशनरीच्या दुकानातून मोठा कागद आणा.

एका बाजूने त्रिकोणांवर १, २, ३, १, २, ३ असे अठरा त्रिकोणांवर लिहा, एकोणिसावा कोरा. पट्टी पालथी करा. पहिल्या त्रिकोणाची पाठ कोरी सोडा आणि पुढच्यांवर ४, ४, ५, ५, ६, ६ हा क्रम तीनदा लिहा. आता शेजारचे ४ वर ४, ५ वर ५, ६ वर ६ असे तोंडाला तोंड येईल तशी पट्टी दुमडत जा. सगळी दुमडून झाली की दहा त्रिकोणांची जाडसर पट्टी उरते आणि बाहेरून फक्त १, २, ३ दिसतात. इथून पुढे तीन-चेहरीचीच कृती. शेवटी कोऱ्याला कोरा चिकटतो. एका बाजूला सगळीकडे एकच आकडा आणि दुसऱ्या बाजूला सगळीकडे दुसरा एकच आकडा आला तर घडी बरोबर. मिसळ दिसली तर चिकटवण्याआधी उघडून दुसऱ्या दिशेने दुमडा.

पहिला नमुना आकड्यांचाच ठेवा. तो तुमच्या सरावाचा. रंगवायचा तो दुसरा.

कागद कोणता आणि चिकटवायचे कशाने?

तीन-चेहरीला ८० ते १०० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचे माप) साधा झेरॉक्सचा कागदही चालतो. सहा-चेहरीला तोच उत्तम, कारण एका जागी पाच थर येतात. कार्डशीट दिसायला रुबाबदार असले तरी घडीवर तडकते आणि षटकोन नीट मिटत नाही. ग्लू स्टिक वापरा. फेविकॉलने कागदाला लाटा येतात. सेलोटेप चमकते आणि दिव्याखाली लांबूनसुद्धा दिसते, म्हणून प्रयोगाच्या नमुन्यावर तिला जागा नाही.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, कागद दमट होऊन घड्या ढिल्या पडतात. नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत जाड पुस्तकाखाली ठेवा आणि प्रयोगाआधी चार-पाच पलट्या देऊन हाताला आणा.

पलटी अडकते. काय चुकते?

बहुतेक वेळा त्रिकोण समभुज नसतात. एक मिलिमीटरचा फरक अठरा त्रिकोणांत साठत जातो. दुसरे कारण म्हणजे घडी एकाच दिशेने चेपलेली. तिसरे, डिंक घडीच्या रेषेपर्यंत गेलेला. चिकटवताना कडेपासून दोन मिलिमीटर जागा कोरडी सोडा.

सहा-चेहरीतले काही चेहरे सापडतच नाहीत. ते कसे काढायचे?

या एका प्रश्नाच्या उत्तरात संपूर्ण प्रयोग दडलेला आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

सहांपैकी तीन चेहरे (१, २, ३) सहज येतात, उरलेले तीन (४, ५, ६) कडेला राहतात. सगळे चेहरे पाहण्याची पद्धत टकरमनने शोधली: एकाच कोपऱ्यावर पलटी देत राहायची, तो कोपरा उघडेनासा झाला की शेजारच्या कोपऱ्यावर जायचे. अशा बारा पलट्यांत फेरी पूर्ण होते. त्यात १, २, ३ प्रत्येकी तीनदा दिसतात आणि ४, ५, ६ प्रत्येकी एकदाच.

आता जादूच्या नजरेने हेच पाहू. फाइनमनच्या नकाशात मध्ये एक मोठा त्रिकोण आहे, त्यावर १, २, ३ ची फेरी चालते. त्याच्या तिन्ही बाजूंना एकेक लहान त्रिकोण जोडलेला आहे आणि प्रत्येक लहान त्रिकोणात एक लपलेला चेहरा आहे. मोठ्या फेरीत असताना प्रत्येक टप्प्यावर दोन वाटा फुटतात. दर पलटीनंतर अंगठा शेजारच्या कोपऱ्यावर सरकवला तर तुम्ही त्याच फेरीत राहता: १, ३, २, १, ३, २, कितीही वेळ. आणि अंगठा न सरकवता त्याच कोपऱ्यावर पुन्हा पलटी दिली तर फेरी बदलते आणि लपलेला चेहरा समोर येतो.

अंगठा सरकला की नाही, एवढाच फरक. समोर बसलेल्याला दोन्ही पलट्या सारख्याच दिसतात. पत्त्यांच्या जादूत इतकी स्वच्छ युक्ती मिळवायला लोक वर्षानुवर्षे बोटे घासतात, आणि इथे ती कागदातच तयार बसलेली आहे!

हातातली जागा चुकली तर थर चाचपा. १, २, ३ च्या फेरीत थर आळीपाळीने दोन आणि चार लागतात. लपलेला चेहरा बाहेर आला की एक आणि पाच लागतात (चिकटवलेल्या जागी एक जास्त). सरावाने हा फरक न बघता कळतो.

एक पूर्ण प्रयोग सांगाल का?

सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसले असतील तर हा छान बसतो. त्यासाठी आणखी एक गुणधर्म लागतो. फ्लेक्सागॉनचा एकच चेहरा दोन वेगवेगळ्या मांडणीत येतो. एका मांडणीत जे कोपरे मध्याला असतात ते दुसऱ्या मांडणीत बाहेर जातात. म्हणून एकदा अखंड दिसणारे चित्र दुसऱ्यांदा तुकडे विस्कटल्यासारखे दिसते.

तयारी अशी. चेहरा १ लाल, २ पिवळा, ३ निळा. पुढे लाल, मागे पिवळा अशी अवस्था घ्या. इथून मोठ्या फेरीबाहेर नेणारी पलटी द्या. कोरा लपलेला चेहरा पुढे येईल. त्यावर अजून काही काढू नका. अंगठा एक कोपरा सरकवून आणखी एक पलटी द्या. आता पुढे पिवळा आणि मागे तो कोरा चेहरा असेल. षटकोन पालथा करा आणि त्या कोऱ्या चेहऱ्यावर, सहाही त्रिकोण व्यापून, बदाम सत्तीचा पत्ता ठळक काढा. रंगीत पेन्सिल सगळ्यात चांगली. स्केचपेन पलीकडे उमटते, पोस्टर कलर घडीवर सुटतो. मग उलट्या क्रमाने परत लाल-पिवळ्यावर या.

प्रयोग असा. पत्त्यांच्या जोडात बदाम सत्ती सगळ्यात वर ठेवलेली आहे. एकाला सांगा, “काकू, हवे तिथून पत्ते कापा आणि वरचा भाग टेबलावर ठेवा.” उरलेला भाग तुम्ही त्याच्यावर आडवा ठेवा, “खूण म्हणून” असे म्हणत. जादू शिकणाऱ्या प्रत्येकाला हा आडवा कट माहीत असतो. तो फसतो तो एकाच कारणाने: कापणे आणि उचलणे यांच्यामध्ये पुरेसा वेळ जात नाही. तो वेळ आपला फ्लेक्सागॉन देतो.

पत्ते तसेच राहू द्या आणि षटकोन काढा. लाल दाखवा, मागचा पिवळा दाखवा. पलटी: निळा. अंगठा सरकवा, पलटी: पिवळा. सरकवा, पलटी: परत लाल. “तीन रंग. कागद एकच.” इथे लोक कागदाकडे बघत असतात, कोण कुठून कापले हे विसरलेले असतात. आता काकूंना वरचा आडवा भाग उचलून त्याखालचा पत्ता बघायला सांगा. तो जोडाचा मूळचा वरचा पत्ता, म्हणजे बदाम सत्ती. त्यांनी तो सगळ्यांना दाखवावा.

पुन्हा षटकोन. या वेळी अंगठा हलवायचा नाही. त्याच कोपऱ्यावर पलटी द्या. रंग जाऊन सहा त्रिकोणांवर बदामांचे तुकडे दिसतील, कुठे अर्धा बदाम, कुठे आकड्याचा पाय. घाई करू नका. तुकडे बघून कुणीतरी “अरे, हे तर...” म्हणेपर्यंत थांबा. मग अंगठा सरकवून आणखी एक पलटी. पिवळा रंग येतो आणि पत्ता गायब होतो. नाराजीचा सूर निघाला की षटकोन हळूच पालथा करून टेबलावर ठेवा. अखंड बदाम सत्ती.

शेवटची पालथी करण्याची क्रिया शक्य तितकी साधी ठेवा. फुंकर नको, मंत्र नको. तिथे लोकांनी तुमच्या हाताकडे बघावे असे काही नसतेच.

सगळेच चेहरे का दाखवायचे नाहीत? पाचवा-सहावा वाया जात नाही का?

जाऊ द्या. माझा सगळ्यात ठाम आग्रह इथेच आहे. चेहऱ्यांमागून चेहरे दाखवत गेलात की प्रेक्षकाच्या डोक्यात प्रश्न येतो, “अजून किती आहेत?” त्या क्षणी तुमचा प्रयोग कोडे झाला. कोडे बघणाऱ्याला ते सोडवायचे असते. जादू बघणाऱ्याला जे घडले ते पुन्हा मनात आठवायचे असते. वरच्या प्रयोगात तीन रंग फक्त सवय लावण्यासाठी आहेत: या कागदात तीनच गोष्टी आहेत, हे बघणाऱ्याच्या मनात पक्के बसते. म्हणून चौथी धक्का देते. पाचवी तो धक्का बोथट करील.

दोन न वापरलेले चेहरे कोरे ठेवा. त्यांचा पुढे उपयोग आहे.

फ्लेक्सागॉन प्रेक्षकाच्या हातात द्यावा का?

द्यावा, पण शेवटी. सुरुवातीला सहा-चेहरी देणे धोक्याचे आहे. नवखा माणूस साहजिकच एकाच कोपऱ्यावर पुन्हा पुन्हा पलटी देतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे लपलेल्या चेहऱ्याची वाट तीच आहे. एक-दोन पलट्यांतच लपलेला चेहरा बाहेर येईल.

आधी हाताळायला द्यायचेच असेल तर त्याच रंगांचा तीन-चेहरी करून तो द्या. लोक पलट्या देतील, तीन रंग बघतील, खात्री पटेल. मग तो खिशात ठेवून थोड्या वेळाने सहा-चेहरी काढा. दोघांचे माप आणि रंग अगदी सारखे हवेत. जाडीतला फरक मात्र लपत नाही, म्हणून तीन-चेहरी जरा जाड कागदाचा करा.

प्रयोग संपल्यावर सहा-चेहरी खुशाल द्या. लोक कागद उलटसुलट करतात, कोरे चेहरे सापडतात, पत्ता विस्कटतो आणि परत जुळत नाही. चोरकप्पा शोधणारा माणूस चोरकप्पा नाही हे बघून जास्तच गोंधळतो.

बोलायचे काय?

कमी. गणिताचे व्याख्यान प्रयोगाच्या आधी नको. “षटकोन”, “समभुज” हे शब्दही नकोत, लोकांच्या मनात शाळेचा तास उभा राहतो. “ही एक कागदाची पट्टी आहे” इतके पुरते.

खरी गोष्ट सांगायची असेल तर स्टोनची सांगा. रुंद कागद, लहान फाइल, कापलेल्या पट्ट्या: एवढ्यात तीन पलट्या होतात. गार्डनरच्या लेखानंतर आलेले एक पत्रही रंगवून सांगता येते. न्यू जर्सीच्या ड्युमाँट प्रयोगशाळेतून एकाने गमतीने कळवले होते की पलटी देता देता सहकाऱ्याचा टाय फ्लेक्सागॉनमध्ये अडकला, प्रत्येक पलटीला टाय आणखी आत गेला आणि शेवटी माणूसच नाहीसा झाला. मुलांना हे फार आवडते.

मनातले ओळखतो, शक्ती आहे, असे दावे मात्र करू नका. वस्तू इतकी प्रामाणिक आहे की तिच्याभोवती खोटे बोलण्याची गरज पडत नाही.

मोठ्या हॉलमध्ये दिसेल का?

५ सेंटिमीटरच्या त्रिकोणाचा षटकोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १० सेंटिमीटर भरतो. तो टेबलापुरता. वर्गखोलीसाठी बाजू १० सेंटिमीटर घ्या. त्याहून मोठा करायचा तर सुटे पुठ्ठ्याचे त्रिकोण कापून मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट ठेवून कापडी टेपने जोडा, किंवा हीथप्रमाणे सरळ कापड वापरा. चित्रे नकोत, पूर्ण चेहरा एकाच भडक रंगाचा. पलटी देताना षटकोनाचे तोंड प्रेक्षकांकडे आणि तीन पाती तुमच्याकडे वळलेली असावीत, म्हणजे नवा रंग थेट त्यांच्या दिशेने उघडतो. आरशासमोर सराव केला की हे लगेच लक्षात येते.

चौकोनी फ्लेक्सागॉनचे काय?

त्याच्यावर गार्डनरनी मे १९५८ मध्ये स्वतंत्र लेख लिहिला. सगळ्यात प्रसिद्ध प्रकार चार चेहऱ्यांचा: आडवे चार आणि उभे तीन अशा बारा चौकोनांचा कागद, मधल्या ओळीतले मधले दोन चौकोन तीन बाजूंनी कापून केलेली झडप, आणि शेवटी टेपचा एक तुकडा. तयार वस्तू सहा चौकोनांची असते आणि पुस्तकासारखी मिटून उघडते. तीन चेहरे पटकन मिळतात, चौथा मिळत नाही, म्हणून जाहिरातीच्या भेटवस्तू म्हणून तो पूर्वी बराच वापरला गेला.

जादूसाठी त्याची सोय ही की तो व्हिजिटिंग कार्डाच्या किंवा पत्राच्या रूपात खपतो. चौथ्या चेहऱ्यावर भाकीत लिहा. तोटा हा की घड्यांचे काम डोळ्यांना स्पष्ट दिसते, षटकोनासारखे अवाक करत नाही.

बाजारात मिळणारे जादूचे पाकीट, ज्यात नोट ठेवून मिटले आणि उघडले की नोट फितींखाली अडकलेली दिसते, ते याच कुळातले. दोन्हीकडून उघडणारी बिजागरी हे दोघांचेही मूळ. ठोकळ्यांची ‘जेकब्स लॅडर’ घरात असेल तर तिचीही रचना तीच.

मुलांच्या कार्यक्रमात किंवा शाळेत कसा वापरावा?

इथे जादू आणि शिकवणे एकत्र आणायला हरकत नाही. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केलेल्या अरविंद गुप्तांनी त्यांच्या कागदी खेळण्यांत एक फिरता फ्लेक्सागॉन घेतला आहे. तो मध्यातून फिरवत नेला की एकामागून एक चार चित्रे येतात, म्हणून अन्नसाखळीसारखे चार टप्प्यांचे चक्र त्यावर दाखवतात. शिक्षकांना सुरुवातीला तोच सुचवीन.

तीन-चेहरीवर मी अंडे, सुरवंट, फुलपाखरू असा क्रम घेतो. कोष मुद्दाम काढत नाही. षटकोन मिटलेला असतो तेव्हा तोच कोष, आणि “आता आत काय चाललंय?” हा प्रश्न मुलांनाच विचारायचा. लहान मुले इथे अगदी कानठळ्या बसवतात.

एखाद्याने “पुन्हा करून दाखवा” म्हटले तर?

तीन रंग पुन्हा दाखवा, पत्ता नाही. बदाम सत्ती दुसऱ्यांदा निघाली तर आधीची का निघाली हे कळायला कुणाला वेळ लागत नाही. मुरलेला हात असेल तर दुसऱ्या लपलेल्या चेहऱ्यावर वेगळे काही ठेवता येते, उदाहरणार्थ ज्याच्याकडे वाढदिवसाला गेलात त्याचे नाव. तो चेहरा निळ्याच्या बाजूच्या लहान त्रिकोणात आहे, तेव्हा एक पलटी पुढे जाऊन अंगठा थांबवायचा.

गुपित सांगावे का?

कागदाचे गुपित १९५६ पासून छापलेले आहे, ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. कोणी मनापासून विचारले, विशेषतः लहान मुलाने, तर पट्टी कापून दुमडायला शिकवा. पत्ता कसा आला ते मात्र सांगू नका, कारण आडवा कट आपल्या एकट्याचा नाही. त्यावर दुसऱ्या कितीतरी जणांचे प्रयोग उभे आहेत.

एक नमुना किती टिकतो?

झेरॉक्सच्या कागदाचा, नीट वापरला तर, बरेच कार्यक्रम निघतात. आधी मध्याचे टोक झिजते आणि तिथे बारीक भोक दिसू लागते. भोक दिसले की तो नमुना सरावाला काढा. टोके थोडी आधीच, मिलिमीटरभर, गोलसर कापून ठेवली तर झीज उशिरा होते आणि पलटीही हलकी होते. प्रत्येक कार्यक्रमाला दोन नमुने सोबत असावेत, कारण पहिला बहुधा कुणीतरी मागून घेतो.